वरची दाढ काढली आणि पाणी नाकातून येतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात हे प्रकरण झाल्यापासून फोंड्यातल्या निम्म्या ओळखीच्यांना मी दातांची डॉक्टर वाटायला लागलेय. मी डॉक्टर नाही. सासऱ्यांची वरची दाढ काढली, त्यानंतर जे झालं ते निस्तरताना बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजमधल्या सर्जन लोकांना विचारून विचारून जे कळलं आणि नंतर मी जे वाचत बसले ते सगळं इथे एकत्र टाकतेय, म्हणजे दर वेळी प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज करायला नको. तुमच्या तोंडात नेमकं काय झालंय ते बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, मी तर नाहीच नाही, तेवढं धरून वाचा.

दाढ काढल्यावर प्यायलेलं नाकातून येतं, हे खरंच होतं का?

होतं. बाबांची (सासऱ्यांना आम्ही सगळे बाबाच म्हणतो) वरची डावीकडची पहिली मोठी दाढ काढली, कापूस चावून घरी आले, रक्त थांबलं, रात्री पेज पिऊन झोपले, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना सोलकढीचा घोट घेतला आणि डाव्या नाकपुडीतून गुलाबी धार थेट शर्टावर. आम्हाला वाटलं रक्तच आलं, सासूबाई तर हातातला डाव तसाच धरून उभ्या राहिल्या, आणि बाबा रुमालाने पुसत शांतपणे म्हणतात, "अगो, कडी नाकांतल्यान येता." ठसका लागून येतं तसं ते नव्हतं, ठसका लागलाच नव्हता, गिळायच्या आधीच कढीने दुसरी वाट धरली होती.

दाढेच्या खड्ड्यातून वरच्या सायनसपर्यंत भोक पडतं आणि तोंड नाकाला जोडलं जातं, त्याला ओरोअँट्रल कम्युनिकेशन म्हणतात. डॉक्टर आपसात ओएसी म्हणतात, केसपेपरवर तेच लिहिलेलं असेल.

पण तोंड आणि नाक यांच्यामध्ये हाड असतं ना?

असतं, पण वरच्या मागच्या दाढांच्या डोक्यावर ते फारच थोडं असतं. गालाच्या आत, डोळ्याच्या खाली, दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते, मॅक्सिलरी सायनस. मोठ्या माणसात साधारण १० ते १५ मिलिलिटरची, म्हणजे दोन-तीन चहाचे चमचे मावतील एवढी. इंग्लंडच्या नॅथॅनिएल हायमोर नावाच्या डॉक्टरने १६५१ मध्ये तिचं वर्णन छापलं म्हणून जुनी मंडळी तिला अजून हायमोरचं अँट्रम म्हणतात, ओएसीतला ए तिथूनच आला. या पोकळीची जमीन म्हणजे आपल्या वरच्या दाढांचं छप्पर. काही लोकांत मुळांच्या टोकांवर चांगलं जाड हाड असतं, काहींत पापडाएवढं, आणि काहींत तर मुळाचं टोक आणि सायनसचं आतलं अस्तर यांच्यामध्ये हाड जवळजवळ नसतंच. दाढ निघताना तो पापड मोडला आणि अस्तरही फाटलं की झालं.

आणखी एक, सायनसचं नाकात उघडणारं तोंड खाली नसतं, वरच्या बाजूला असतं. आतला शेंबूड पेशींवरचे बारीक केस वर ढकलत ढकलत त्या तोंडापर्यंत नेतात. म्हणून खालून अन्न-पाणी आत गेलं की ते सहजासहजी बाहेर पडत नाही, तिथेच सडतं. पुढे जो त्रास होतो तो त्यामुळे होतो.

म्हणजे डॉक्टरनेच घोळ घातला ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरं सांगायचं तर लोकांना हो असंच उत्तर हवं असतं. भोक पडणं ही बहुतेक वेळा कोणाची चूक नसते. मुळं सायनसला चिकटलेली असतील तर कितीही हात चांगला असला तरी होऊ शकतं, दातांच्या पुस्तकांत वरच्या दाढा काढण्याच्या कॉम्प्लिकेशनमध्ये हे नेहमीचं नाव आहे.

पण भोक पडलं हे लक्षात न येणं, किंवा लक्षात येऊन पेशंटला न सांगणं, किंवा पेशंटने फोन केल्यावर उडवून लावणं, ह्या तिन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत आणि माझा राग तिथे आहे. आम्ही ज्या क्लिनिकमध्ये गेलो होतो तिथे फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली की असं काही नसतं, अन्न अडकलं असेल, मिठाच्या पाण्याने जोरात गुळण्या मारा, निघून जाईल. जोरात गुळण्या! या केसमध्ये जी गोष्ट मुळीच करायची नाही नेमकी तीच. डॉक्टर लाइनवर आलेच नाहीत. काढलेल्या दाढेच्या मुळाला हाडाचा तुकडा चिकटून आलाय का हे बघितलं असतं तर तेव्हाच शंका आली असती, असं मला नंतर बांबोळीला कळलं.

कोणत्या दाढांना हा धोका असतो?

वरच्या. खालच्या दाढेचा सायनसशी काही संबंध नाही, तिचे प्रॉब्लेम वेगळे (ओठ बधिर राहणं वगैरे). वरच्यांमध्येही पहिली आणि दुसरी मोठी दाढ सगळ्यात जवळ, मग अक्कलदाढ आणि तिच्या उलट टोकाला दुसरी छोटी दाढ. पुढच्या दातांना सहसा नाही.

त्यातही काही लोकांना जास्त. ज्यांच्या आजूबाजूच्या दाढा आधीच पडल्यात आणि ही एकटीच उभी आहे अशांना, कारण दाढ गेली की सायनस हळूहळू त्या रिकाम्या जागेत खाली उतरतो आणि एकटी राहिलेली दाढ त्याच्यात बुडल्यासारखी दिसते. बाबांचं हेच होतं, शेजारच्या दोन्ही कधीच्याच गेलेल्या. शिवाय मुळं फाकलेली असतील, मुळाच्या टोकाशी जुना पू असेल, किंवा आधी कधी या भोकाचा त्रास झाला असेल तरी धोका वाढतो. लहान मुलांमध्ये हे क्वचितच, कारण त्यांचा सायनस छोटा असतो, तो अक्कलदाढ येईपर्यंत वाढत राहतो.

ओळखायचं कसं?

नाकातून पाणी येणं हे तर ढळढळीत. पण सगळ्यांना ते होत नाही, भोक बारीक असेल तर पाणी जात नाही, नुसती हवा जाते. मग बोलताना किंवा श्वास सोडताना खड्ड्यातून फुसफुस आवाज येतो, खड्ड्यात बुडबुडे दिसतात, आवाज नाकातला येतो, बिडी ओढायची सवय असेल तर झुरका नीट बसत नाही, दाढ काढलेल्या बाजूच्याच नाकपुडीतून थोडं रक्त येतं. काही दिवस गेले की तोंडात खारट घाण चव, त्या बाजूचा गाल जड, वाकून चप्पल घालताना डोळ्याखाली ठणकणं, एकाच नाकपुडीतून घाण वासाचा पिवळा शेंबूड. एका बाजूचीच सर्दी असं कोणी सांगितलं तर आता मी आधी विचारते, दाढ काढलीत का हो एवढ्यात.

नाक दाबून फुंकून बघू का, हवा जाते का ते?

नको. यूट्यूबवर बघून लोक हे घरी करतात. डॉक्टर पूर्वी ही टेस्ट करायचे आणि काही अजून हलक्या हाताने करतात, पण जोरात फुंकलं तर जे अस्तर अजून शाबूत आहे किंवा नुसतं ताणलंय तेच फाटतं, बारीक भोकाचं मोठं होतं. काडी, इअरबड, टूथपिक घालून तर अजिबात चाचपडू नका, जिभेनेही नको, तिथे जी रक्ताची गाठ बसलीय तीच तुमचं झाकण आहे. आरशात बघा, मोबाइलच्या टॉर्चने फोटो काढा, बस. बाकी एक्स-रे, ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे), आणि नीट बघायचं असेल तर सीबीसीटी नावाचा दातांचा थ्रीडी स्कॅन, त्यात सायनसची जमीन कुठे तुटलीय ते स्पष्ट दिसतं.

क्लिनिकवाले म्हणतात दोन दिवस थांबून बघा. थांबू?

फोनवरून सांगितलं असेल तर थांबू नका, जाऊन दाखवा. बघून, तपासून, काय करायचं नाही ते समजावून मग थांबा म्हणाले असतील तर गोष्ट वेगळी, छोट्या भोकाला खरंच थांबणं हाच उपाय असतो.

ताजं भोक, आत इन्फेक्शन नाही, अशा स्थितीत पहिल्या दोन दिवसांत बंद केलं तर सगळ्यात सोपं जातं. त्यानंतर तोंडातले जंतू सायनसमध्ये बस्तान मांडायला लागतात. आणि दोन-तीन आठवडे उघडंच राहिलं तर भोकाच्या कडांनी आतून कातडी चढते, कायमचा बोगदा तयार होतो. त्याला फिस्टुला म्हणतात, तो आपोआप बंद होत नाही, आधी सायनस धुऊन साफ करा, मग ती आतली कातडी कापून काढा, मग बंद करा. थोडक्यात सुरुवातीला जे खुर्चीत बसल्या बसल्या झालं असतं त्याचं ऑपरेशन होतं.

आपोआप भरतं का मग?

साधारण २ मिलिमीटरच्या आतलं असेल तर बहुतेक वेळा भरतं, रक्ताची गाठ नीट बसली आणि तुम्ही ती उडवली नाही तर. त्याहून मोठं, ५-६ मिलिमीटरपर्यंत, असेल तर खड्ड्यात विरघळणारा स्पंज ठेवून वरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा टाका घालतात. त्याच्याही वर गेलं की फ्लॅप. हे आकडे ढोबळ आहेत हां, सर्जन सायनसची तब्येत बघून ठरवतो.

फ्लॅप म्हणजे काय, भयानक वाटतं.

नावच भयानक आहे. बाजूची हिरडी किंवा टाळूचं मांस सोडवून, ते भोकावर ओढून शिवतात. गालाच्या बाजूची हिरडी खाली ओढायची पद्धत फार जुनी, रेरमान नावाच्या जर्मन सर्जनने १९३६ मध्ये मांडलेली, अजून तीच सगळ्यात जास्त वापरतात. तिचा एक तोटा, गाल आणि हिरडी यांच्यामधली घळ उथळ होते, त्यामुळे ज्यांना पुढे कवळी बसवायचीय त्यांनी हे आधी सर्जनच्या कानावर घालावं. टाळूचा तुकडा फिरवून लावला तर घळ शाबूत राहते पण टाळूवर एक उघडी जागा राहते, ती भरेपर्यंत तिखट खाताना डोळ्यांत पाणी. तिसरा प्रकार मला सगळ्यात भारी वाटला, गालाच्या आत प्रत्येकाला एक चरबीची गादी असते, ती थोडी ओढून भोकात बसवतात आणि काही आठवड्यांत तिच्यावर तोंडातलीच कातडी चढते. १९७७ पासून ही पद्धत माहीत आहे. गाल बसका दिसेल का असं विचारणाऱ्यांसाठी, सहसा नाही, थोडीच घेतात.

हे बहुतेक वेळा इंजेक्शन देऊन जागेपणीच होतं. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. बाबांना गालाकडून ओढून शिवलं, त्यांची तक्रार दुखण्याची नव्हतीच, तोंड तेवढा वेळ उघडं ठेवायचा कंटाळा आला म्हणाले.

नाक शिंकरायचं नाही म्हणतात, किती दिवस? आणि सर्दी झाली तर?

साधारण दोन आठवडे, तुमचा सर्जन जास्त सांगेल तर जास्त. ह्या सगळ्या आजारपणातला सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच आणि सगळ्यात अवघडही हाच, कारण हात आपोआप नाकाकडे जातो. नाक शिंकरताना आत जो दाब तयार होतो तो सरळ त्या टाक्यांवर येतो. नाक वाहिलं तर नुसतं टिपायचं. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून मोकळी येऊ द्यायची, म्हणजे दाब तोंडातून निघून जातो. सासूबाईंनी बाबांच्या खुर्चीवर कागद चिकटवला होता "आऽऽ करून शिंका", नातवंडांना काय मजा.

आपल्याकडे पावसाळ्यात घरात बुरशीचा वास, उन्हाळ्यात लाल धूळ, शिंकांना निमित्तच लागत नाही. ॲलर्जी असेल तर आधीच डॉक्टरना सांगा, शिंका कमी करायची गोळी देतात. घर झाडायचं, माळा काढायचा, मिरच्या कुटायच्या, ही कामं दुसऱ्याला द्या, एरवी असा चान्स मिळत नाही.

ज्यांना झोपेत घोरण्यासाठी सीपॅप मशीन लावायला दिलंय त्यांनी हे आवर्जून विचारा, ते मशीन रात्रभर नाकात हवा दाबतं. लोक हे सांगायचंच विसरतात, दातवाल्याला घोरण्याचं काय सांगायचं म्हणून.

खायचं काय?

पहिले काही दिवस मऊ, कोमट, आणि दुसऱ्या बाजूने. आपल्याकडे याची ददात नाही, पेज आहे, नाचणीचं तिझन आहे, मऊ शीत-कढी आहे, दुधात भिजवलेला पाव आहे (पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, कडक उंडो पाव नको, त्याचा कवचासारखा तुकडा बरोबर त्या जागी टोचतो). पोहे-चुरमुरे, तीळ, राजगिरा, बारीक दाणे असलेलं काहीही टाळा. मासे खायचे तर काटा नसलेला तुकडा, बांगडा-तारल्यांना काही दिवस रामराम. स्ट्रॉने काहीही प्यायचं नाही, शहाळंसुद्धा ग्लासात ओतून घ्या, ओढताना तोंडात पोकळी तयार होते आणि गाठ निघून येते.

फेणीच्या गुळण्या चालतील का? आमचे आजोबा तेच करायचे.

सगळ्यांचेच आजोबा करायचे. दुखऱ्या दाढेवर फेणीचा बोळा ठेवणं आमच्याकडेही झालंय. पण उघड्या भोकातून फेणी सायनसमध्ये गेली तर अस्तर भाजतं, आग होते ती वेगळीच, आणि बऱ्याच अँटिबायोटिकवर असताना दारू नकोच म्हणतात. लवंगेचं तेलही खड्ड्यात ओतू नका.

मिठाचं कोमट पाणी चालतं, पहिले चोवीस तास गेल्यावर, पण गुळगुळ करायचं नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान हळूच तिकडे-इकडे कलती करायची आणि तोंड उघडून बेसिनमध्ये पडू द्यायचं. थुंकायचं नाही. थुंकताना किती जोर लागतो ते आपल्याला कधी जाणवत नाही.

सिगरेट, बिडी, तंबाखू?

बंद. ओढल्याने दाब येतो आणि धुरामुळे जखम भरत नाही, डबल नुकसान. हे मी लिहिलं तरी ओढणारे ओढणारच, पण मग टाके सुटले की सर्जनच्या नावाने बोंब मारू नका.

देवळात आरतीला शंख फुंकतो, बासरी वाजवतो, बँडमध्ये ट्रम्पेट आहे. कधीपासून चालेल?

आमच्या घरी या प्रश्नावरून भांडणं झालीत त्यामुळे मनापासून उत्तर देते. बाबा कित्येक वर्षं आमच्या देवळात आरतीचा शंख फुंकतात. शंख फुंकताना तोंडातला दाब नाक शिंकरण्याच्या तोडीचा असतो, वर तो धरून ठेवायचा असतो. सर्जन टाके काढल्यावरही काही आठवडे नाही म्हणाले, तपासून हो म्हणेपर्यंत नाही. बाबांचं म्हणणं हळू फुंकतो. हळू फुंकलेला शंख वाजत नाही, हे त्यांनाच जास्त चांगलं माहीत. शेवटी शंख शेजारच्या मुलाकडे गेला आणि बाबा बाजूला उभे राहून त्याच्या चुका काढायला लागले.

सनई, बासरी, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, माउथऑर्गन, रेफ्रीची शिटी, वाढदिवसाचे फुगे, सगळ्याला हाच नियम. भजनात गायला हळू आवाजात चालतं. घुमट वाजवा की, हातानेच तर वाजवायचंय.

पोहणं, स्कूबा, विमान?

पोहणं टाके काढून जखम भरल्याचं डॉक्टरने सांगेपर्यंत नाही, ओहोळात बुडी मारणंही त्यातच आलं. स्कूबाला तर सर्जनची स्पष्ट परवानगी लागते, पाण्याखाली दाब पटकन वाढतो आणि सायनसलाही तो लगेच कळतो, ग्रँड आयलंडला पर्यटकांना घेऊन जाणारी पोरं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी खास. विमानही साधारण दोन आठवडे टाळायला सांगतात. सुट्टीवर आलेले आखातातले लोक हमखास परत जायच्या आदल्या दिवशी दाढ काढून घेतात, तिकडे महाग पडतं म्हणून, आणि मग मोपा विमानतळावरून विमान वर चढलं की गाल फुटतोय असं वाटतं. जहाजावर जाणाऱ्यांनी तर जॉइनिंगच्या चांगले महिनाभर आधी दातांचं उरकून घ्यावं, समुद्रात हे झालं तर बघणार कोण.

औषधं कोणती देतात?

सहसा एक अँटिबायोटिक (पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी ओरडून सांगा), दुखण्याची गोळी, आणि नाक मोकळं ठेवायचे थेंब. थेंबांबद्दल एक गोष्ट, झायलोमेटाझोलीनवाले थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर स्वतःच्या मनाने घालत बसू नका, नाक त्यांना सरावतं आणि थेंब बंद केले की जास्तच चोंदतं. ब्लड प्रेशर असलेल्यांनी विचारूनच घ्यावे. वाफ घ्यायची का तेही विचारा. फार्मसीतून परस्पर मागच्या वेळचीच स्ट्रिप घेणं हा आपला आवडता उद्योग इथे नको.

डॉक्टर म्हणाले मूळ वर गेलंय. म्हणजे?

म्हणजे दाढ मोडली आणि मुळाचा तुकडा काढताना तो सायनसमध्ये ढकलला गेला. घाबरायचं नाही, पण ठेवायचंही नाही, बहुतेक वेळा काढावाच लागतो, नाहीतर त्याच्याभोवती इन्फेक्शन होत राहतं. खड्ड्यातूनच ओढून काढता येतो का बघतात, नाहीतर वरच्या ओठाच्या आतून, हिरडीच्या वर, सायनसला खिडकी करून काढतात. त्या जुन्या ऑपरेशनला कॉल्डवेल-ल्यूक म्हणतात, १८९० च्या दशकातलं आहे. आता कानानाकाघशाचे डॉक्टर बऱ्याचदा नाकातून दुर्बीण घालूनही काढतात.

हे ड्राय सॉकेट तर नाही ना?

बहुतेक नाही, पण दोन्ही गोंधळात पडतात. ड्राय सॉकेटमध्ये रक्ताची गाठ जाते आणि हाड उघडं पडतं, खालच्या दाढांना जास्त होतं, आणि दुखणं दोन-तीन दिवसांनी अचानक वाढून कानापर्यंत जातं. ओएसीत सुरुवातीला दुखत नाही हो, हीच तर फसवणूक आहे, माणूस म्हणतो दुखत नाही म्हणजे ठीकच असेल.

गोव्यात दाखवायचं कुठे?

आधी ज्यांनी दाढ काढली त्यांनाच, स्वतः जाऊन. ते हाताळू शकत नसतील तर बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज, तिथे ओरल सर्जरीचा वेगळा विभाग आहे, आणि जवळच जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज) असल्यामुळे कानानाकाघशाचे डॉक्टर लागले तर तिकडेच पाठवतात. सकाळी लवकर जा, फोंड्याहून बाणस्तारी-जुने गोवे करत जाताना ट्रॅफिक धरून निघा, ओपीडीच्या रांगेत वेळ जातो, पण शिकणारी मुलं-मुली असतात ती नीट ऐकून घेतात, बाबांना तर तीन-तीन जणांनी तपासलं आणि बाबांनी प्रत्येकाला सोलकढीची गोष्ट नव्याने सांगितली. दाढेचा एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या, रोजच्या गोळ्यांची स्ट्रिप आणि शक्य झालं तर काढलेली दाढ सुद्धा घेऊन जा, मूळ पूर्ण आलंय का ते त्यावरून कळतं.

डोळ्याभोवती सूज, अंधुक किंवा दोन-दोन दिसणं, थंडी वाजून ताप, सहन न होणारी डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर ओपीडी वगैरे नाही, सरळ कॅज्युअल्टी, नाहीतर १०८ ला फोन.

शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्याचं काय?

शुगर हाताबाहेर असेल तर जखम भरायला वेळ लागतो, दाढ काढायच्या आधीच आटोक्यात आणा. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, दातवाला आणि हृदयवाला एकमेकांशी बोलून ठरवतील. हाडं ठिसूळ झाल्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेणाऱ्या आज्ज्या असतात, त्यांनी तर ते सांगितल्याशिवाय दाढेला हात लावू देऊ नये, त्या औषधांवर जबड्याचं हाड भरायला फार त्रास देतं.

नंतर तिथे इम्प्लांट बसवता येतो?

येतो, पण घाई नाही. हाड भरायलाच काही महिने जातात आणि सायनस खाली उतरलेला असेल तर आधी त्याची जमीन उचलून हाड भरावं लागतं, त्याला सायनस लिफ्ट म्हणतात. खर्च वाढतो. बाबा म्हणाले मला उरलेल्या दातांनी मासे खाता येतात, विषय संपला.

आता मला वरची दाढ काढायचीय. आधी काय विचारू?

एक्स-रे काढलात का, मुळं सायनसच्या किती जवळ आहेत, आणि भोक पडलं तर इथेच बंद कराल की पाठवाल, एवढं विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट एक्स-रे स्क्रीनवर दाखवतो. कधी कधी दाढेची मुळं वेगवेगळी कापून एकेक काढतात, हाडावर जोर कमी येतो, तसं करणार का तेही विचारायला हरकत नाही. संध्याकाळी काही झालं तर कोणाचा नंबर लावायचा तो रिसेप्शनचा नको, डॉक्टरचा घ्या. आणि अपॉइंटमेंट शनिवार संध्याकाळची घेऊ नका, रविवारी क्लिनिक बंद असतं, चवथीच्या आदल्या आठवड्यात तर नकोच नको, डॉक्टर त्यांच्या गावाला आणि तुम्ही गणपतीवरच्या माटोळीखाली नाक धरून.